मतांचे प्रमाण आणि सभागृहातील जागा

पाथर्डी तालुक्यातील तिसगावचा मतदार विधानसभेसाठी यंत्रावर एकच बटण दाबतो आणि मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते पडतात तो, निम्म्या मतांचा टप्पा गाठलेला नसला तरी, आमदार होतो. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा याच रीतीने भरतात. विधान परिषदेच्या ७८ पैकी ३० जागा मात्र हे आमदार प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीनुसार, एकल संक्रमणीय मताने, म्हणजे मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहून भरतात.

जुलै २०२४ मध्ये अशा ११ जागांसाठी २७४ आमदार मतदार होते. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरले जात असल्याने एकूण मूल्य २७,४०० होते; त्याला जागांपेक्षा एकाने अधिक, म्हणजे १२ ने भागून, अपूर्णांक सोडून एक मिळवला की विजयाचा कोटा २,२८४ येतो. त्यामुळे पहिल्या पसंतीची २३ मते पुरतात, आणि एखाद्याला २६ मिळालीच तर कोट्यावरचे ३१६ मूल्य वाया न जाता प्रत्येक मतपत्रिकेमागे १२ या हिशेबाने पुढच्या पसंतीकडे वळते. कोट्याइतके आमदार एकजुटीने राहिले, तर बहुमतवाल्यांना त्यांची जागा हिरावता येत नाही.

हे प्रमाण आमदारांच्या संख्येचे असते, जनतेच्या मतांचे नव्हे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाला सुमारे ९ टक्के मतांवर ४१, तर त्याच्या शरदचंद्र पवार गटाला सुमारे ११ टक्के मतांवर १० जागा मिळाल्या. दोघांनी लढवलेल्या जागांची संख्या वेगळी होती हे लक्षात घेतले, तरी परिषदेच्या मतदानात मोजले जाते ते आमदारांचेच बळ.

स्कॉटलंडमध्ये १९९९ पासून २०२१ पर्यंतच्या निवडणुकांत मते आणि जागा यांतील ही दरी त्याच सभागृहात भरून काढण्याची योजना दिसते. तेथील संसदेच्या १२९ पैकी ७३ सदस्य मतदारसंघांतून आणि ५६ सदस्य आठ विभागांतील पक्षयाद्यांतून येतात. मतदार दोन मते देतो आणि पक्षाच्या विभागीय मतांना त्याने आधीच जिंकलेल्या जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागले जात असल्यामुळे, मतदारसंघांत मागे पडलेल्या पक्षांकडे यादीतील जागा झुकतात.

महाराष्ट्रात तसे करायचे झाल्यास केवळ निवडणूक नियम बदलून भागणार नाही. विधानसभेचे सदस्य प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवडले जावेत, असे संविधानाचा अनुच्छेद १७० सांगत असल्याने आधी घटनादुरुस्ती करावी लागेल.