गाडीचं पोट रस्त्याला घासू नये म्हणून
शहाडच्या गल्लीतून बुटकी स्पोर्ट्स कार निघाली की खरी परीक्षा असते गतिरोधकाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकात गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला होता. एवढ्या रुंदीत चढ सावकाश येतो. गल्लीबोळात मात्र गतिरोधक अनेकदा अरुंद, उभट असतो. पुढची चाकं उतरतात आणि गाडीचं पोट टेकतं.

ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं. म्हणून वेग आधीच कमी करा आणि चाकं चढताना ब्रेक सोडा. जागा असेल तर गाडी जराशी तिरकी घ्या, म्हणजे एकेक चाक चढेल. पण आरशात मागची रिक्षा, दुचाकी पाहूनच! टिटवाळ्याच्या गणपतीला गाडी भरून निघाला असाल, तर अवघड जागी मागच्यांना दोन मिनिटं उतरवा. वजनाने स्प्रिंग दबलेली असते.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं मला मुळीच पटत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळलं की अशी स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं.

आणि घासल्याचा आवाज आलाच, तर गाडी बाजूला घेऊन खाली वाकून बघा. तेल ठिबकत असेल तर ऑइल चेंबरला तडा गेलेला असू शकतो. इंजिन लगेच बंद करा आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या.