वर्षाची शिदोरी

(नवापूर तालुक्यातील शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या शिबिरात सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेले भाषण)



मंडळीवर्षाच्या आधारे मुलांना शुभवर्तमान कसे शिकवावे, यावर बोलायला मला सांगितले आहे. धर्मशिक्षणाच्या पदविकेला असताना मंडळीवर्षाचे काळ आणि त्यांचे रंग आम्ही पाठ केले होते. पण ते वर्ष मुलांच्या हाती कसे द्यायचे, हे मी इथे, या पाड्यांवर शिकले. म्हणून आज पुस्तकातले थोडे आणि पाड्यावरचे जास्त बोलणार आहे.

आधी वर्षाची उजळणी करू. मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. यंदा तो रविवार ३० नोव्हेंबरला आहे. मग नाताळ, ६ जानेवारीला मागी लोकांची आठवण म्हणजे प्रकटीकरणाचा सण, मग भस्म बुधवारपासून रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा सण. येत्या वर्षी ईस्टर ५ एप्रिल २०२६ ला आहे आणि पेंटेकॉस्ट २४ मे रोजी. त्यानंतर पुन्हा आगमनकाळ येईपर्यंत जवळजवळ सहा महिने हिरव्या रंगाचा मोठा काळ. अनेक मंडळ्या वाचनांची तीन वर्षांची योजना पाळतात: एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, आणि योहान सणांच्या दिवसांत. सध्या लूक चालू आहे, ३० नोव्हेंबरपासून मत्तय सुरू होईल.

ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही रचना फार सोयीची आहे. त्याला अध्याय आणि वचनांचे आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. जांभळे कापड दिसले की वाट पाहायची, पांढरे दिसले की आनंद करायचा, हे त्याला लगेच कळते. निर्गमच्या बाराव्या अध्यायात देवाने इस्राएलाला सण लावून दिला, तेव्हा मुले याचा अर्थ विचारतील आणि आईबापांनी तो सांगावा, हेही तिथेच सांगितले आहे. म्हणजे सण आधी दिसतो, मग मूल विचारते, मग पाठ सुरू होतो.

आता आपल्या भागाकडे पाहा. आपल्या नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतून दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता निघाला की लेकरेही निघतात, कारण त्यांना ठेवायचे कोणाकडे? बारडोलीच्या बाजूला उसाच्या फडात काम चालते, शेजारी कोपी उभी राहते. काही जण होळीला चार दिवस येऊन जातात. बाकीचे एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी परततात.

हे वेळापत्रक मंडळीवर्षाच्या शेजारी ठेवून पाहा. आगमनकाळ सुरू होतो तेव्हा मूल निघून गेलेले असते. पेंटेकॉस्टच्या सुमारास ते परत येते. येशूचा जन्म, बाप्तिस्मा, अरण्यातली परीक्षा, वधस्तंभ, रिकामी कबर, हे सगळे त्याच्या गैरहजेरीत होऊन जाते. हिरव्या काळातले दाखले तेवढे त्याच्या वाट्याला येतात. दरवर्षी टोळीबरोबर जाणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलीला मी विचारले होते, “नाताळ कधी असतो गं?” ती म्हणाली, “ताई, आम्ही गावात नसतो ना, तेव्हा.”

तिने चुकीचे उत्तर दिले नव्हते. पण विचार करा. ज्या घरावर उचल नाही त्या घरातल्या मुलाला गव्हाणीतला येशू भेटतो आणि ज्या घरावर उचल आहे त्या घरातल्या मुलाला भेटत नाही, असे आपल्या मंडळीत होऊ लागले, तर ते शुभवर्तमान कोणासाठी राहिले? आज मला मुख्यत्वे एवढेच मांडायचे आहे. मूल सणापर्यंत येऊ शकत नसेल, तर सण मुलाबरोबर पाठवला पाहिजे. गावाला निघालेल्या माणसाला आपण शिदोरी बांधून देतो, तशी.

आमच्याकडे ही शिदोरी दिवाळीआधीच्या चार रविवारी बांधतो. यंदा ते रविवार २८ सप्टेंबर, ५, १२ आणि १९ ऑक्टोबर हे आहेत.

पहिल्या रविवारी बेथलेहेमचा प्रवास. वरून हुकूम आला, नावनिशी लिहायची आहे, म्हणून योसेफ आणि गरोदर मरीया घर सोडून निघाले. मुक्कामाला जागा मिळाली नाही. आपल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. कोपीत जन्मलेली भावंडे त्यांना माहीत आहेत. गव्हाण काय असते, हे तर ती आपल्यालाच सांगतात.

दुसऱ्या रविवारी मागी लोक आणि मिसर देश. हेरोदाच्या भीतीने बाळाला घेऊन रातोरात परमुलखात जावे लागले. मत्तयाच्या वर्षात हे वाचन नाताळानंतरच्या पहिल्याच रविवारी येते, म्हणजे यंदा २८ डिसेंबरला. त्या दिवशी आपली मुले स्वतः परमुलखात असतील. येशूही लहानपणी घर सोडून गेला होता आणि परत आला, एवढे त्यांच्याजवळ असू द्या.

तिसऱ्या रविवारी अरण्यातले चाळीस दिवस. इथे एक विनंती करते. आपल्या भागात मुलांचे वजन आधीच कमी असते. त्यांना उपवास शिकवू नका. येशूला भूक लागली होती, भूक काय असते हे त्याला माहीत आहे, एवढेच सांगा. उपवासकाळात काय करायचे असे मुलांनी विचारले, तर खेळताना कोणालाही बाजूला काढायचे नाही, असे काहीतरी त्यांच्या हातात असलेले काम द्या.

चौथ्या रविवारी वधस्तंभ आणि रिकामी कबर, दोन्ही एकाच बैठकीत. गावातल्या मुलांना शुक्रवारची गोष्ट सांगून रविवारपर्यंत थांबवता येते. प्रवासाला निघालेल्या मुलाला नाही. उत्तम शुक्रवार सांगून ईस्टर न सांगता मुलाला घरी पाठवू नका. खिळे आणि रक्त यांचे वर्णन लांबवू नका. मरीया मग्दालीया बागेत रडत होती आणि येशूने तिला नावाने हाक मारली, ही गोष्ट मुलांच्या फार लवकर लक्षात राहते, कारण नावाने हाक मारणे काय असते ते त्यांना कळते.

या चार पाठांबरोबर प्रत्येक घराला एक दोरी देतो. साधी सुतळी आणि शिंप्याकडच्या चिंध्या. ३० नोव्हेंबर ते २४ मे या काळात सव्वीस रविवार येतात, म्हणून सव्वीस गाठी. प्रत्येक गाठीत त्या रविवारच्या रंगाची चिंधी. आगमनकाळाच्या पहिल्या चार जांभळ्या. एकोणिसावी ईस्टरची, पांढरी. शेवटची पेंटेकॉस्टची, लाल. मूल दर रविवारी एक गाठ सोडते आणि त्या रंगाची गोष्ट धाकट्या भावंडाला सांगते. फडावर रविवारी सुट्टी असेलच असे नाही, पण आज वार कोणता हे बाबाच्या मोबाईलवर दिसते. पुस्तक पावसात भिजते, हरवते. दोरी कोपीच्या वाशाला बांधलेली राहते. मोठ्या बहिणीला नीट शिकवा, कारण पडावावर शब्बाथ शाळेची शिक्षिका तीच असते.

शक्य तिथे आपणही जावे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर, व्यारा, बारडोली ही सारी स्थानके आहेत. नाताळाच्या आठवड्यात एकदा आणि उपवासकाळात एकदा, दोघे-तिघे मिळून जाऊ शकतात. संध्याकाळी, आईबाप फडावरून आल्यावर जा. थकलेल्या माणसापुढे लांब प्रार्थना करू नका. मुलांकडून गोष्ट ऐका, गाणे म्हणा, आजारी कोण आहे ते विचारा.

ईस्टरची तारीख चंद्रावरून ठरते हे मुलांना जरूर सांगा. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा तो हिशेब. होळीही पौर्णिमेची. २०२४ मध्ये होळीनंतरच्याच रविवारी ईस्टर आला होता. यंदा होळी मार्चच्या सुरुवातीला आहे, म्हणून ईस्टर त्याच्या पुढच्या पौर्णिमेनंतर येईल. घरी आलेल्या मुलाला सांगा, होळीचा चंद्र गेला, आता पुढच्या चंद्राकडे लक्ष ठेव. ज्यांच्याकडे दिनदर्शिका नाही त्यांच्याकडे चंद्र आहे. आणि हे सांगताना होळीची निंदा करू नका. ज्या सणासाठी माणसे परमुलखातून घरी येतात, त्या सणाबद्दल वाईट बोलून कोणाचे मन येशूकडे वळत नाही.

मग मे महिन्याच्या अखेरीस मुले परततात, तो पेंटेकॉस्टचा सुमार. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात प्रत्येकाने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली. आपली मुले घरी मावची बोलतात, शाळेत मराठी, फडावर गुजराती ऐकतात. त्या रविवारी त्यांना पुढे बोलवा आणि सुटलेल्या दोरीवरची एकेक गोष्ट जी येईल त्या भाषेत सांगू द्या. गावात राहिलेली मुले त्या दिवशी ऐकणारी असतील.

पुढचा हिरवा काळ म्हणजे आपला पेरणीचा काळ. दाखले याच दिवसांत शिकवा आणि शक्य तर बांधावर उभे राहून शिकवा. पेरणाऱ्याचा दाखला येत्या वर्षी जुलैच्या मध्यात वाचला जाईल. वाट, खडक, काटे, चांगली जमीन, या चारही जागा मुलांना शेतात दाखवायला सांगा. तुम्ही मागे राहा. सप्टेंबरमध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला येतो. उशिरा कामाला लागलेल्यालाही धन्याने पूर्ण मजुरी दिली. उचल आणि मजुरीची बोलणी चालू असतात त्याच दिवसांत हा दाखला येतो. मुलांना विचारा, असा धनी कोणी पाहिला आहे का? त्यांची उत्तरे ऐकताना घाई करू नका.

दोन गोष्टी कामाच्या शिस्तीच्या. पहिली, शाळा आधी. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून मुलाची शाळा चालू राहू शकत असेल, तर त्यासाठी आपणच धावपळ करावी. जावेच लागले तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतले का, ते विचारा. शब्बाथ शाळेची सुरुवात आठवा. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर शहरात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी रविवारी शाळा काढली, ती आठवडाभर कामाला जाणाऱ्या गरीब मुलांसाठी, आणि तिथे वाचायलाही शिकवत. राबणारी मुले या शाळेत नंतर आलेली नाहीत. तिचा आरंभच त्यांच्यापासून झाला.

दुसरी, ही शाळा आपल्या मंडळीतल्या घरांतल्या मुलांसाठी आहे. शेजारच्या घरातले मूल आले, तर आधी त्याच्या आईबापांना भेटा, त्यांची संमती घ्या. खाऊ किंवा वही दाखवून कोणाला बोलावू नका. प्रभूने लेकरांना जवळ येऊ द्या म्हटले, ओढून आणा म्हटले नाही.

जे हे भाषण पुढे आपल्या त्रैमासिकात वाचतील, त्या पुण्या-मुंबईच्या, नगरच्या आणि इतर ठिकाणच्या मित्रांना शेवटी थोडे सांगायचे आहे. आपल्या देणगीतून रेल्वेची तिकिटे, सुतळी आणि कापड येते, त्याबद्दल आभार. यंदा आणखी एक मागते. आपल्या घरातल्या मुलांसाठीही सव्वीस गाठींची एक दोरी बनवा आणि ३० नोव्हेंबरला पहिली गाठ सोडा. गाठ सोडताना त्याच दिवशी उसाच्या फडाशेजारी गाठ सोडणाऱ्या एका मुलासाठी प्रार्थना करा. तो आणि आपले मूल एकाच मंडळीचे आहेत, एकाच वर्षातून चालले आहेत, हे आपल्या मुलांनाही कळू द्या.

शिक्षकांनो, २८ तारखेला फार दिवस उरलेले नाहीत. सुतळी आणि चिंध्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपल्या पाड्यावरून किती कोयते जाणार आहेत ते मोजा आणि तेवढ्या दोऱ्या आजच बांधून घेऊन जा. प्रभू आपले हात बळकट करो आणि निघणाऱ्या प्रत्येक लेकराला सुखरूप घरी आणो. आमेन.