मधला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'राजीनामा' हा शब्द आज आपण नोकरी किंवा मंत्रिपद सोडताना वापरतो. मुळात त्याचा अर्थ सोडणे असा नव्हता. 'राजी' म्हणजे कबूल आणि 'नामा' म्हणजे लेख. मराठेशाहीत वतनाचा, वाटणीचा किंवा मानपानाचा तंटा गोतसभेपुढे आला, की दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत. गोत जे ठरवील ते आम्हांस मान्य, असा त्याचा आशय असे. निकालाच्या कागदाला महजर म्हणत. त्यावर पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू अशा निशाण्या उमटत. जिथे काजी असे तिथे त्याचाही शिक्का पडे. शब्द अरबी-फारसी, लिपी मोडी आणि माणसे आपल्याच गावची.

तंटा मिटवण्याची ही जुनी रीत सांगितली की लगेच कुणीतरी म्हणते, 'मग आता वेगळे मध्यस्थ कशाला हवेत? घरातली वडीलधारी माणसे, जमातीचे चार शहाणे पुरेत की!' या प्रश्नाचे उत्तर आज शोधायचे आहे.

पंच आणि मध्यस्थ यांत फरक आहे. पंच ऐकतो आणि निकाल देतो. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्ही पक्षांना एकत्र बसवतो, मग प्रत्येकाशी वेगळे बोलतो. एकाने खासगीत सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. अमुक बरोबर, तमुक चूक, असे तो म्हणत नाही. तडजोड झाली तर ती त्या दोघांनी केलेली असते. नाही झाली तर न्यायालयाचा दरवाजा उघडाच असतो. तिथे मध्यस्थाला साक्षीला बोलावता येत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका घराची गोष्ट सांगतो. वडील गेले. दोन भाऊ, एक बहीण. आमच्या शरियतीत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे आणि तो कुणाच्या मर्जीवर नाही. पण रिवाज असा, की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी आणि माहेर राखावे. हिंदू घरांतही 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण हक्कसोडीचा रिवाज फारसा हललेला नाही. या बहिणीने सही नाकारली. जमातीतले बुजुर्ग तीनदा बसले. तिन्ही वेळा तिला एकच सांगणे, 'भावांशी वैर घेऊ नकोस, बेटी.' शेवटी दावा दाखल झाला आणि न्यायालयाने प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवले.

मध्यस्थ बाई परक्या होत्या, परक्या गावच्या आणि परक्या धर्माच्याही. त्यांनी बहिणीला एकटीला बसवून विचारले, 'तुम्हांला नेमके काय हवे आहे?' हा प्रश्न दीड वर्षात तिला कुणी विचारलाच नव्हता. तिचे दुखणे असे, की कागद घेऊन भाचा आला होता आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवून उभा राहिला होता. भाऊ आले नव्हते. आणि भीती अशी, की उद्या नवऱ्याला काही झाले तर तिला डोक्यावर छप्पर नव्हते. तिकडे भावांना वाटत होते, हिला घर विकायला लावायचे आहे. चार बैठकांनंतर ठरले, की घर विकायचे नाही, मागच्या दोन खोल्या बहिणीच्या नावे करायच्या आणि बाकीच्यावरचा हक्क तिने रास्त रक्कम घेऊन सोडायचा. त्या कागदावर सही घ्यायला थोरला भाऊ स्वतः गेला.

बुजुर्गांचा हेतू वाईट नव्हता. पण ते भावांबरोबर रोज नमाजला उभे राहणारे, बहीण मात्र दूरच्या गावी दिलेली. ओळख हे बुजुर्गांचे बळ असते आणि तेच त्यांचे दुबळेपणही. शिवाय समेट म्हणजे भांडण थांबणे, एवढेच त्यांना ठाऊक. भांडण थांबवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुबळ्याला गप्प करणे. प्रशिक्षित मध्यस्थाला पहिल्याच दिवशी शिकवतात, की खोलीत कोण बोलत नाही तिकडे पाहा.

हे शिक्षण आपल्याकडे आता रुळले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 हे 1 जुलै 2002 पासून लागू झाले आणि न्यायालयांना वाद मध्यस्थीकडे पाठवण्याची वाट मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये मध्यस्थीसाठी समिती नेमली. तिने मध्यस्थांसाठी 40 तासांचे प्रशिक्षण ठरवले. कौटुंबिक न्यायालयांच्या 1984 च्या कायद्यात तर आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे.

आमच्या समाजापुरते बोलायचे, तर ही गोष्ट परकी नाही. पतिपत्नींत बेबनाव झाला तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा, असे कुराणाच्या सूरह निसामध्येच सांगितले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात 2002 साली दगडू पठाण प्रकरणात पूर्णपीठाने याच गोष्टीवर बोट ठेवले. तलाक दिला असे नुसते म्हणून भागत नाही. त्याआधी समेटाचा प्रयत्न झाला होता हे सिद्ध करावे लागते, असे त्या निकालाने सांगितले. त्याच वर्षी शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले. तोंडी तीन तलाक रद्दबातल ठरायला मात्र 2017 साल उजाडावे लागले. तिच्या घरचा एक आणि त्याच्या घरचा एक, ही साधी अट आपण पाळली असती, तर कितीतरी बायका न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसल्या नसत्या.

पण सगळेच मध्यस्थीला द्यायचे नसते. जिथे मारहाण आहे, जीवाची भीती आहे, तिथे समोरासमोर बसवणे म्हणजे मार खाणाऱ्याला पुन्हा मारणाऱ्याच्या हाती देणे. बलात्काराच्या गुन्ह्यात समेटाला जागाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले. आणि जातपंचायत दंड करते, वाळीत टाकते, तिला मध्यस्थी म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध 2016 चा कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे. जिथून उठून जाण्याची मोकळीक नाही, तिथे मध्यस्थी नाही, एवढी खूण लक्षात ठेवावी.

आता घराबाहेर येऊ. मशिदीचे विश्वस्त, देवस्थानची समिती, दर्ग्याचा उरूस, मिरवणुकीचा रस्ता, कब्रस्तानची भिंत. हे वाद जमिनीचे दिसतात, पण आत असतो मान. न्यायालय जमिनीची मोजणी करून देऊ शकते, मानाची नाही. भिवंडीत 1970 आणि 1984 साली भयंकर दंगली झाल्या. पुढे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी ठरावीक वेळी एकत्र बसू लागले, तेही भांडण नसताना. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

याउलट अयोध्येचा वाद. सर्वोच्च न्यायालयाने 8 मार्च 2019 रोजी तीन जणांचे मध्यस्थ मंडळ नेमले. काही महिने बैठका झाल्या, पण सर्वांना मान्य होईल असा तोडगा निघाला नाही आणि 9 नोव्हेंबर 2019 रोजी न्यायालयालाच निकाल द्यावा लागला. मध्यस्थीला म्हणून कुणी हसू नये. वाद दारातल्या भांडणाएवढा असतो, तेव्हाच मधला माणूस उपयोगी पडतो. त्याचे राजकारण झाले, की बोलायला बसलेल्यांच्या हाती फार थोडे उरते.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे एक प्रकरण आहे. वस्तीतली शांतता बिघडवू शकेल असा तंटा, सर्वांच्या संमतीने, तीन मध्यस्थांपुढे नेण्याची सोय त्यात लिहिली आहे. त्यातून झालेल्या कराराला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मात्र दिलेले नाही. काहींना ही उणीव वाटते. मला ती तशी वाटत नाही. शेजाऱ्याशी केलेला करार बेलिफाने पाळायला लावायचा नसतो, तो शब्दावर टिकतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या मशिदीत, देवळात, चर्चमध्ये किंवा सोसायटीत दोन-चार माणसे तरी अशी तयार करा, ज्यांनी हे प्रशिक्षण घेतले आहे. त्यांत निम्म्या बायका असू द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते, तिथे जाऊन चौकशी करा. आणि तुमच्या घरात असा कागद निघालाच, तर तो भाच्याच्या हाती पाठवू नका. स्वतः जा, बसा, आणि आधी विचारा, तुला काय हवे आहे?