स्पॅनिश क्रियापदाचा वर्तमानकाळ

परभाषा शिकावयास निघालेल्या मनुष्याचें धैर्य प्रथम खचतें तें क्रियापदापाशीं. नामें पाठ होतात, उच्चार कानांत बसतात. परंतु क्रियापदाच्या रूपांचें कोष्टक समोर आलें कीं पुस्तक मिटलें जातें. पुण्यामुंबईकडे स्पॅनिश शिकूं लागलेल्या कित्येकांची गाडी नेमकी याच ठिकाणीं अडते. जी भाषा सुमारें वीस देशांची राजभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत जिची गणना होते, तिचें दार केवळ एका कोष्टकाच्या धाकानें बंद व्हावें, ही लहान हानि नव्हे. वास्तविक हा धाक बाळगण्याचें कारण मराठी मनुष्याला सर्वांत कमी आहे.

स्पॅनिशमधील प्रत्येक क्रियापदाचें मूळ रूप आर्, एर् किंवा इर् यांपैकीं एका प्रत्ययानें संपतें. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें, ‘कोमेर’ म्हणजे खाणें, ‘बिबिर’ म्हणजे राहणें. ‘बोलणें’ यांतील ‘णें’ काढल्यावर जसा ‘बोल’ हा धातु उरतो, तसाच येथेंहि प्रत्यय काढला कीं धातु हातीं येतो. मग पुरुष आणि वचन पाहून नवा प्रत्यय जोडावयाचा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. म्हणजेच बोलतों, बोलतोस, बोलतो. बोलतों, बोलतां, बोलतात. ‘कोमेर’ची रूपें कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन अशीं होतात. ‘बिबिर’ याच वाटेनें जातें. फक्त आम्ही आणि तुम्ही यांच्या रूपांत ‘बिबिमोस’ व ‘बिबीस’ एवढाच फरक पडतो. ज्यानें संस्कृत धातुरूपावली एकदां तरी चाळली आहे, त्याला ही चाल अनोळखी वाटणार नाहीं.

किंबहुना एका बाबतींत स्पॅनिश मराठीहून सोपी आहे. मराठींत तो बोलतो, ती बोलते, तें बोलतें. स्पॅनिशमध्यें या सर्वांना ‘आब्ला’ हें एकच रूप पुरतें. वर्तमानकाळीं क्रियापद लिंग पाहत नाहीं.

प्रत्ययांतच कर्ता सांगितलेला असल्यामुळें सर्वनामाची गरज बहुधा पडत नाहीं. ‘उद्यां येतों’ म्हटल्यावर कोण येणार, हें मराठी श्रोता विचारीत नाहीं. स्पॅनिश श्रोताहि विचारीत नाहीं. मात्र याच कारणानें प्रत्यय चुकला कीं सारा अर्थ फिरतो. ‘तेंगो आंब्रे’ म्हणजे मला भूक लागली आहे. ‘तिएने आंब्रे’ म्हणजे त्याला, अथवा आपणांस, भूक लागली आहे. पाहुण्यानें एक अक्षर चुकविलें, तर स्वतःची भूक तो यजमानाच्या माथीं मारतो!

येथें ‘आपणांस’ म्हटलें, त्यालाहि कारण आहे. आदरार्थी ‘उस्तेद्’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचा झिजलेला अवशेष असून त्याच्यापुढें क्रियापद तृतीय पुरुषीं येतें. समोर बसलेल्या वडीलधाऱ्यालाच ‘रावसाहेब कधीं आले?’ असें विचारणाऱ्या मराठी घराला या रीतीचें नवल वाटूं नये. अमेरिकेंतील स्पॅनिशभाषक देशांत तर अनेकवचनीं ‘आब्लाइस’ हें रूप वापरांतच नाहीं. तेथें सर्वांना ‘उस्तेदेस’ म्हणतात आणि ‘आब्लान’ने काम भागवितात.

आतां अनियमित म्हणविल्या जाणाऱ्या क्रियापदांकडे वळूं. ‘पोदेर’ म्हणजे शकणें. त्याचीं रूपें: प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, पोदेमोस, पोदेइस, आणि पुन्हां प्वेदेन. विद्यार्थी याला लहर समजतो. परंतु हीं रूपें मोठ्यानें म्हणून पाहावीं. ज्या चार रूपांत आघात धातूवर पडतो, तेथेंच ‘ओ’चा ‘वे’ झालेला आहे. आघात प्रत्ययावर सरकला कीं मूळ ‘ओ’ परत येतो. लॅटिनमधील र्‍हस्व ‘ओ’ आघाताखालीं असा फुटला, हा स्पॅनिशच्या इतिहासांतील एक व्यापक नियम आहे. गोव्यांत १९६१ पर्यंत जिचें राज्य होतें त्या पोर्तुगीजमध्यें हा फेर घडला नाहीं. म्हणून पोर्तुगीज दाराला ‘पोर्ता’ म्हणते, तर तिची बहीण स्पॅनिश ‘प्वेर्ता’ म्हणते. तेव्हां ज्याला अपवाद म्हणून घोकावयाचें, तो पुष्कळदां जुना नियमच असतो.

खरोखरीचीं हट्टी क्रियापदें थोडीं आहेत, आणि तीं रोजच्या वापरांतलीं असल्यामुळेंच हट्टी राहिलीं आहेत. ‘असणें’ या अर्थाचें ‘सेर’ घ्यावें: सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. यांतील ‘एस’ आणि ‘सोन’ यांच्याशेजारीं संस्कृतांतील ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’ ठेवून पाहिलें, तर दूरच्या नात्याची खूण पटते. ‘असणें’ याचसाठीं दुसरें क्रियापद आहे ‘एस्तार’. त्याचें नातें संस्कृत ‘स्था’शीं. पहिलें स्वभाव सांगतें, दुसरें स्थिति. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे. ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे. हा विवेक न ठेवल्यास प्रशंसा करावयास जावें आणि केवळ वर्दी देऊन परतावें, असें होतें.

१४९२ सालीं आंतोनिओ दे नेब्रिखा यानें कास्तिलियन भाषेचें व्याकरण छापून राणी इसाबेलेला अर्पण केलें. लोकांच्या तोंडच्या बोलीलाहि लॅटिनप्रमाणें नियम असतात, हें त्यानें दाखवून दिलें. शिकणाऱ्यानें तेवढाच विश्वास धरावा. दररोज एक क्रियापद घ्यावें, सहा रूपें मोठ्यानें म्हणावीं आणि प्रत्येक रूपाचें एक लहान वाक्य करावें. मुक्यानें वाचलेलें कोष्टक भिंतीसारखें उभें राहतें. तेंच तोंडानें म्हटलें कीं आघात कोठें पडतो तें कानाला कळतें, आणि कानाला कळलेलें सहसा विसरत नाहीं.