समुद्रातली वीज आणि भद्रावतीचा अनुभव



विद्युत अभियंत्यांच्या चंद्रपुरातल्या या परिषदेत अध्यक्ष म्हणून मी समुद्रातल्या पवनऊर्जेचा विषय निवडला, तेव्हा काही सहकाऱ्यांनी विचारलं, चंद्रपूरचा समुद्राशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जुना आहे. चंद्रपूर ते पडघे ही ±५०० किलोव्होल्टची डीसी लाइन ७५२ किलोमीटर लांबीची. १९९९ पासून ती इथल्या कोळशावरची वीज मुंबईच्या दाराशी पोहोचवते आहे. क्षमता १५०० मेगावॉट. त्याच्याही आधी भद्रावतीत ५०० मेगावॉटचे दोन बॅक-टू-बॅक संच उभे राहिले आणि पश्चिम व दक्षिण ग्रिड एकमेकांना जोडले गेले. समुद्रात पवनचक्की उभी करणं अवघड आहेच. तिची वीज ग्रिडला नीट जोडणं त्याहून अवघड आहे, आणि ते काम आपल्या माणसांनी पंचवीस वर्षं हाताळलेलं आहे.

समुद्रतळावरून एसी केबल टाकली की ती केबल स्वतःच कपॅसिटरसारखी वागते. चार्जिंग करंट लांबीबरोबर वाढत जातो. साधारण ८० ते १०० किलोमीटरच्या पुढे तो केबलची इतकी क्षमता खातो, की दोन्ही टोकांना रिअॅक्टर बसवूनही हिशेब जमेनासा होतो. त्यापुढे बहुधा डीसीच लागते. पण आपल्याकडची डीसी तिथे चालत नाही. चंद्रपूर आणि भद्रावतीचे कन्व्हर्टर थायरिस्टरचे आहेत. थायरिस्टर बंद व्हायला समोर भक्कम एसी व्होल्टेज हवं, शिवाय वाहणाऱ्या विजेच्या निम्म्याच्या आसपास रिअॅक्टिव्ह पॉवर आणि मोठाले फिल्टर हवेत. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर भक्कम ग्रिड कुठून आणणार? म्हणून तिथे आयजीबीटीचे कन्व्हर्टर वापरतात; ते स्वतःच व्होल्टेज उभं करतात. हे तंत्र आपल्या देशात पुगलूर ते त्रिशूर लाइनवर आलं आहे. मुंबईसाठी आखलेली कुडूस ते आरे जोडणीही त्याच जातीची.

जुलै २०१२ आठवा. ३० तारखेला उत्तर ग्रिड कोसळलं, ३१ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. देशाचा जवळपास निम्मा भाग अंधारात गेला. दक्षिणेत दिवे चालू होते, कारण तेव्हा दक्षिण ग्रिड बाकीच्या देशाशी फक्त डीसीने जोडलेलं होतं. तिकडची फ्रिक्वेन्सी ओढली गेली नाही. पण डीसी जशी गडबड अडवते, तशी ती आधारही अडवते. फिरत्या टर्बाइनचं जडत्व पलीकडच्या ग्रिडला आपोआप मिळत नाही. समुद्रातून येणाऱ्या विजेची खरी अडचण इथे आहे.

९ ऑगस्ट २०१९ चा इंग्लंडमधला प्रसंग प्रत्येक तरुण अभियंत्याने मुळातून अभ्यासावा. एका लाइनवर वीज पडली. अशी ती पडतच असते. पण हॉर्नसी या समुद्री प्रकल्पाच्या कंट्रोलरला व्होल्टेजचा तो छोटा धक्का पेलला नाही, दोलनं सुरू झाली आणि ७३७ मेगावॉट क्षणात गेले. एक गॅस केंद्रही त्याच वेळी पडलं. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झवर उतरली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज तोडावी लागली. हॉर्नसीत एकही यंत्र मोडलं नव्हतं. दोष कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये होता.

जर्मनीत रिफगाट प्रकल्पाच्या ३० पवनचक्क्या २०१३ मध्ये तयार झाल्या, पण समुद्रतळावर महायुद्धातला दारूगोळा सापडल्याने केबल रखडली. खारट हवेत यंत्रं गंजू नयेत म्हणून त्या पवनचक्क्या कित्येक महिने डिझेल जाळून फिरवाव्या लागल्या. आपल्याकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं आणि लाइनमनला फॉल्टपर्यंत पोहोचताच येत नाही. गडचिरोलीत काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. समुद्रात तसंच, फक्त महिनोन्‌महिने. गुजरातजवळच्या खंबातच्या आखातात मऊ चिखलाचा तळ, प्रचंड भरती-ओहोटी आणि खवळलेला पावसाळा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि कित्येक कामगार गेले. कामाचा हंगाम हवामान ठरवतं. कंत्राटातली मुदत त्याच्यापुढे चालत नाही.

समुद्री पवनऊर्जेचं आपल्या देशाचं धोरण २०१५ चं. गुजरात आणि तमिळनाडू किनाऱ्यालगत प्रत्येकी आठ क्षेत्रं ठरली. २०२४ मध्ये केंद्राने दोन्हीकडे प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी मिळून ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली. या पहिल्या जागा किनाऱ्यापासून फार दूर नाहीत, तिथे एसी केबल भागवेल. पुढच्या टप्प्यांत डीसी लागेल, आणि किनाऱ्यावरून आत येणाऱ्या लाइनींना वाटही लागेल. ±५०० किलोव्होल्टच्या लाइनला जंगलात ५२ मीटर रुंद पट्टा लागतो. तो पट्टा कुणाच्या सागवानातून आणि कुणाच्या वनहक्काच्या जमिनीतून जातो, हे गडचिरोलीच्या ग्रामसभांनी आपल्याला पुरेसं शिकवलं आहे. सर्वेक्षणाआधी गावाशी बोला. नंतर बोललात तर लाइन कोर्टात उभी राहते.

आता आपल्या अंगणातला प्रश्न. चंद्रपूर केंद्राचे पहिले दोन २१० मेगावॉटचे संच, १९८३ आणि १९८४ चे, बंद झाले आहेत. पुढे आणखी होतील. बॉयलर जातो ते ठीक, पण जनरेटरचं जडत्व आणि रिअॅक्टिव्ह पॉवर त्याच्याबरोबर जाते. आपल्या थायरिस्टर कन्व्हर्टरला तीच तर हवी असते! जर्मनीत बिब्लिसच्या बंद अणुकेंद्रातला जनरेटर २०१२ मध्ये सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून पुन्हा फिरवला गेला. संच भंगारात काढण्याआधी त्यांचे जनरेटर असे वापरता येतील का, याचा अभ्यास इथे झालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. भद्रावती आणि चंद्रपूरच्या कन्व्हर्टर केंद्रांत ज्यांनी सुरुवातीपासून काम केलं, ते आता निवृत्तीला आले आहेत. कोणत्या फिल्टरने कधी दगा दिला, कम्युटेशन फेल्युअर कोणत्या परिस्थितीत झालं, उन्हाळ्यात व्हॉल्व्ह हॉलची कूलिंग कशी सांभाळली, हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही. ते मराठीत, फॉल्टच्या नोंदींसह लिहून काढण्यासाठी आणि सिंक्रोनस कंडेन्सरचा प्रस्ताव तयार करण्यासाठी या परिषदेने आजच एक समिती नेमावी, तीत गडचिरोलीच्या वितरण विभागातले दोन अभियंते घ्यावेत आणि पुढच्या अधिवेशनात तिचा अहवाल मांडला जावा, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने सभेपुढे ठेवतो.