तिखट कोणाला लागलं?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आज जेवणात चिकन मांचुरियन आहे असं समजलं, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

जून 1994. दहावीच्या गुणपत्रिका घेऊन आम्ही पाच जण मुरुडच्या बाजारपेठेतल्या एका हॉटेलात गेलो. 'चायनीज मिळेल' ही पाटी तिथे नवीनच लागली होती. वर्गणी ठरली माणशी पंधरा रुपये. माझ्या खिशात नांदगावच्या एसटीपुरते पैसे. "मी घरून जेवून आलोय," असं सांगून मी पाण्याचा ग्लास पुढे घेऊन बसलो.

प्लेटा आल्या. काळपट तांबूस रस्सा, आलं-लसणाचा वास, वर कांद्याची पात. शेजारचा मित्र कोळीवाड्यातला. दोन घास खाऊन त्याने प्लेट माझ्याकडे सरकवली. "फार तिखट आहे रे, मला नाही झेपत. तू संपव, टाकायला नको."

मी संपवली. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहिलं, पण एक तुकडा ठेवला नाही.

एसटीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. याच्या घरचं बांगड्याचं कालवण मी कितीदा खाल्लं होतं! त्या तिखटापुढे मांचुरियन काहीच नव्हतं. शिवाय पावसाळ्यामुळे त्यांची होडी किनाऱ्यावर ओढलेली, घरातली मिळकत बंद. ते पंधरा रुपये त्यालाही जडच गेले असणार.

पुढे मुंबईत नोकरीला असताना वाचलं, की हा पदार्थ मांचुरियाचा नाहीच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी तो 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवला. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस, आणि दाटपणाला कॉर्नफ्लॉवर. मला हसू आलं. म्हणजे त्या टेबलावर तीन थापा होत्या : पदार्थाचं नाव, माझं भरलेलं पोट आणि मित्राला लागलेलं तिखट. तिसरी थाप मी आजवर विसरलो नाही.

पण इतक्या वर्षांत त्याला हे कधी बोललो नाही. तो आत्ता मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेतलं तर उठून जाईल, म्हणून घेत नाही.

मित्रा, आज माझ्या शेजारी जेवायला बस. आणि तुझी प्लेट तूच संपवायची.