अंधारातील छायाचित्र आणि त्याची पूर्वतयारी



कल्याणहून कर्जतच्या लोकलने निघालात की बदलापूरपुढे वांगणी स्टेशन लागते. खगोल मंडळासारख्या संस्था तेथे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करीत आल्या आहेत, कारण ठाणे-डोंबिवलीच्या दिव्यांत बुजणारे अंधुक तारे तेथे दिसतात. आज डिजिटल कॅमेरा त्यांचे चित्र सहज टिपतो. फिल्मच्या काळात मात्र त्यासाठी मोठी तयारी करावी लागे. तिच्याविषयीच आज बोलणार आहे.

दिवसा प्रकाश निम्मा झाला, तर दुप्पट वेळ दिली की चित्र तेवढेच उमटते. अंधुक प्रकाशात हा हिशोब चुकतो. फिल्मवरील चांदीच्या क्षाराच्या कणावर प्रकाश पडला की चांदीचा एखादा अणू सुटा होतो. लगेच आणखी दोन-तीन अणू जोडीला आले तर खूण टिकते. उशीर झाला तर पहिला अणू पुन्हा क्षारात विरून जातो. म्हणजे तासभर उघडी ठेवलेली फिल्मही पुष्कळसा प्रकाश वाया घालवते.

यावर १९७० च्या दशकात एक उपाय पुढे आला. फिल्म अंधारात बंद डब्यात ठेवायची, पंपाने हवा काढून घ्यायची आणि ९२ टक्के नायट्रोजन व ८ टक्के हायड्रोजन यांचे मिश्रण भरायचे. (शुद्ध हायड्रोजन स्फोटक असतो, म्हणून हे मिश्रण.) मग डबा सुमारे ५० अंश सेल्सिअसवर कित्येक तास तापवायचा. फिल्ममधील ओलावा व प्राणवायू निघून जाई, हायड्रोजनमुळे कणांत चांदीच्या खुणेची सुरुवात आधीच होई आणि अंधुक ताराही उमटे. कोडॅकची टेक्निकल पॅन ही फिल्म यासाठी नावाजलेली होती. २००४ साली तिचे उत्पादन थांबले.

मित्रहो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशी तयार फिल्म उघड्या हवेत फार दिवस ठेवता येत नसे. आपल्याकडच्या दमट हवेत तर तिचा गुण लवकरच उतरणार. बाहेर काढल्यावर ती लवकर वापरावी लागे.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, मी वांगणीला येऊ?" घरून उत्तर आले, "दहावीनंतर बघू." दहावी झाली. तिने पुन्हा विचारले नाही.

पालकहो, मुलांच्या मनाची तयारी शिक्षक करतील. पण ते मन तयार झाले, की त्याला आकाश दाखवायला उशीर करू नका. काळजी वाटत असेल तर तुम्हीही बरोबर या. लोकलमध्ये जागा होईल!